आबांच्या पायाची नस
नसा तपासायचं मशीन आमच्या दवाखान्यात नवीन आलं, तेव्हा हात बसावा म्हणून मी दिसेल त्याला टेबलावर झोपवायचो. आबा, म्हणजे माझे वडील, आणे गावाहून डोळे दाखवायला आले होते. सत्तरी उलटलेली, तरी मेंढरांमागं दिवसभर पठार तुडवायचे. ना साखर, ना पायाची कसली तक्रार. मी त्यांच्या घोट्यामागं तारा चिकटवल्या आणि पोटरीवर हलके शॉक दिले. पडद्यावरची लहर अगदी बुटकी आली. भिंतीवरच्या तक्त्याशी ताडून पाहिलं, तर वेगही कमी.

डॉक्टर त्या दिवशी नव्हते. मी त्यांच्यासाठी थांबायला हवं होतं.

"आबा, पायाच्या नसा कमजोर झाल्यात. उद्या जखम झाली तर कळायची नाही."

"मला तर बारका काटा मोडला तरी कळतंय."

"मशीन दाखवतंय ना."

घरात शिकलेला मी एकटा. त्यांनी माझं खरं मानलं.

महिन्याभरात जखमेच्या धास्तीनं त्यांनी मेंढरं आपल्या चुलतभावाच्या हवाली केली. म्हातारपणी आराम मिळाला म्हणून मला उलट बरं वाटलं. आबा ओट्यावर बसून राहू लागले. दिवाळीनंतर चुलतभावाचा कळप कोकणाकडं निघाला, तेव्हा घंटांचा आवाज रस्त्यावर आला तसे ते उठून आत गेले. दोन वर्षांत पोटऱ्या वाळल्या. हातात काठी आली.

पुढं आमच्या डॉक्टरांनी ठरवलं की ज्यांना मधुमेह नाही, नसांचा आजार नाही, अशा धडधाकट म्हाताऱ्यांची मापं गोळा करायची. आम्ही शिनोलीला, घाटघरला मशीन घेऊन गेलो. घाटघरची एक आजी भातखाचरातून थेट चिखलाच्या पायांनी आली. पाय धुवून, पुसून, ऊब देऊन मी तारा लावल्या. तिची लहर आबांच्या लहरीहून बुटकी होती. तिच्यानंतर आलेल्या एका आजोबांची तर दिसलीच नाही, आणि ते डोंगर चढून आले होते.

मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "वयाबरोबर ही लहर उतरतेच. काहींच्यात मिळतही नाही. त्याला आजार म्हणायचं नाही. आपल्या भिंतीवरचा तक्ता तरुणांचा आहे."

परतल्यावर मी आबांचा जुना कागद काढून डॉक्टरांसमोर धरला. त्यांनी तो पाहिला. "या वयाला अगदी नॉर्मल आहे. कोणाचा?"

मी कागद घडी करून खिशात घातला.

घरी मात्र सांगितलं. आबांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हंजी तवा मी बरा व्हतो?"

"हो, आबा."

"मंग मेंढरं उगाच दिली."

आवाजात राग नव्हता. तो असता तर बरं झालं असतं. मी म्हणालो, चार मेंढरं परत आणू, घराजवळच चारू. त्यांनी काठीकडं बोट दाखवलं. "आता कुठं फिरतो मी त्यांच्यामागं?"

आईला त्यांनी यातलं काही सांगितलं नाही. चुलतभावाला एवढंच म्हणाले, "पोराचा काय दोष न्हाई. त्या मशीनला वय कळत नव्हतं."

पुढच्या थंडीत छातीत कफ होऊन ते गेले. अंघोळ घालताना पाय मी धुतले. टाचांना भेगा नव्हत्या. मेंढक्याच्या टाचा अशा मऊ मी कधी पाहिल्या नव्हत्या.