खरजेच्या मलमाला मी नको म्हटलं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मैत्रिणींना नाही, आणि ज्याच्यामुळं — नाही, चुकले, ज्याचं नाव मनात घेऊन — मी ते केलं, त्या माझ्या भावालाही नाही. तुम्हालाच का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. आणि एक अडचणही आहे. ज्या दिवसांतली ही गोष्ट, ते माझ्या आयुष्यातले फार आनंदाचे दिवस होते. अजून आठवले की मला हसू येतं. दुःखात, ओढगस्तीत माणूस घसरला तर समजण्यासारखं असतं. मी सुखात होते, आणि तेव्हा घसरले.

मी सांगलीला विश्रामबागेत राहते. जन्मभर फार्मसीच्या पोरापोरींना औषधशास्त्र शिकवलं. माहेर आष्ट्याचं, उसातलं. निवृत्तीला थोडे दिवस राहिलेले असताना मला एका सरकारी तज्ज्ञ समितीवर घेतलं. कोणती औषधं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत, कोणती मेडिकलमध्ये मागितली की द्यायची, आणि कोणती अगदी किराणा दुकानातसुद्धा ठेवायला हरकत नाही, यावर सल्ला द्यायचं काम. शेवटचा निर्णय सरकारचा. पण सल्ला आमचा.

आष्ट्यात ही बातमी कळली आणि विलासनं, माझ्या धाकट्या भावानं, दुकानासमोर कढई मांडली. जिलबी. त्याचं मेडिकल आहे तिथं, बरीच वर्षं. गिऱ्हाईक खोकल्याचं औषध न्यायला यायचं आणि हातात द्रोण घेऊन उभं राहायचं. मला शाल दिली, फेटा बांधला, आणि माझा एक चुलता भाषणात म्हणाला, "आमची पोरगी आता आख्ख्या देशाला गोळ्या देणार हाय." मी इतकी हसले, की फेटा सुटला.

आणि ते काम! मी किती सांगू त्याबद्दल? वर्गात जे शिकवत आले ते सगळं पहिल्यांदा खऱ्या माणसांच्या घरापर्यंत जाताना दिसत होतं. एकेक औषध पुढं यायचं आणि आम्ही सगळे त्याच्यामागं लागायचो. हा आजार माणसाला आपला आपण ओळखता येईल का? की वरून साधा दिसतो आणि आत भलतंच काही दडलेलं असतं? चुकून जास्त घेतलं तर काय होईल? पोटुशी बाईनं घेतलं तर? सवय लागते का? वेष्टनावर लिहिलेलं वाचून कुणालाही नीट वापरता येईल का? आम्ही भांडायचो, चहा प्यायचो, परत भांडायचो. घरी येऊन मी नवऱ्याला जेवताना ते सगळं ऐकवायची, आणि तो बिचारा भात थंड करत ऐकायचा.

आमचे अध्यक्ष म्हणजे एक म्हातारे डॉक्टर, हळू बोलणारे. प्रत्येक बैठक सुरू होताना ते एकच गोष्ट विचारायचे — आजच्या विषयात कुणाचा काही संबंध आहे का? कुणाची कंपनी, कुणाचं दुकान, घरातल्या कुणाचा धंदा? असेल तर सांगावं आणि तेवढ्या विषयापुरतं बाहेर बसावं. त्यात कमीपणा काही नव्हता. एकदा एक सभासद तसे उठून गेलेही, आणि बाहेर बसून निवांत वर्तमानपत्र वाचत होते.

मी कधीच काही बोलले नाही.

का? पहिल्या बैठकीत खरंच लक्षात आलं नाही. आष्ट्यातलं एक छोटं मेडिकल, त्याला काय कुणी धंदा म्हणायचं? दुसऱ्या बैठकीत लक्षात आलं. पण मग वाटलं, आता सांगितलं तर म्हणतील, मागच्या वेळी का नाही बोललात? आणि खरं सांगू — मला बाहेर बसायचं नव्हतं. इतक्या मजेच्या कामातून एक तासही मला उठायचं नव्हतं.

तर अशात एका रविवारी मी माहेरी गेले होते. विलास मला गाडीपर्यंत सोडायला आला आणि हसत हसत म्हणाला, "आक्का, तुमी सगळंच किराण्यात सोडणार म्हणं. मग आमी काय नुसत्या चिठ्ठ्या वाचत बसायचं व्हय?" चेष्टाच होती ती. तो तेवढं बोलून मागं वळला आणि कुणाशी तरी कारखान्याच्या निवडणुकीवर बोलायला लागलासुद्धा. पण माझ्या डोक्यात ते बसलं. त्याच्या दुकानासमोरच एक मोठं किराणा दुकान झालं होतं, काचेच्या दारांचं. येताना मी त्या दुकानाकडंच बघत आले.

पुढच्या बैठकीत खरजेचं मलम आलं.

खरूज तुम्हाला माहीत असेल. बारीक किडा कातडीत शिरतो आणि रात्रीची झोप उडवतो. औषध जुनं, साधं. गळ्यापासून पायाच्या बोटांपर्यंत लावायचं, घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी, अंथरूण-कपडे उन्हात टाकायचे. बस. आमच्यातल्या त्वचारोगाच्या डॉक्टरीणबाई कळकळीनं बोलल्या, की हे किराण्यात सोडा, सगळ्या घराला एकदम मिळालं तरच याचा उपयोग आहे. मी आदल्या आठवड्यात सगळे कागद वाचले होते. त्यांचं बरोबर आहे हे मला माहीत होतं. तिळभरही शंका नव्हती.

आणि मी विरोधात बोलले.

काय बोलले, तेही सांगते. मी म्हणाले, की मी खेड्यातली आहे, मला आमची माणसं माहीत आहेत. ते जिथं खाजतं तिथंच बोटभर लावतील आणि बाकीचं फळीवर ठेवून देतील. सूचना कोण वाचतंय? डॉक्टरनं सांगितल्याशिवाय आमचे लोक धड काही करत नाहीत. असं म्हणाले मी. ज्यांनी मला फेटा बांधला त्यांच्याबद्दल. समितीत बाकी सगळे मोठ्या शहरांतले. खेड्यातली अशी मी एकटीच. त्यांनी माना हलवल्या. डॉक्टरीणबाईंनीही मग आपले कागद मिटले. मलम चिठ्ठीवरच राहिलं. अध्यक्ष म्हणाले, जमिनीवरचा अनुभव असलेलं माणूस समितीत असणं किती गरजेचं असतं ते आज दिसलं.

मला तेव्हा टोचणी लागली असेल, असं तुम्हाला वाटतंय का? नाही लागली. मी खुशीत होते. परतीच्या प्रवासात मस्त झोप लागली मला.

पुढं एक हिवाळा गेला. त्याच बैठकीत आम्ही छातीतल्या जळजळीचं एक औषध मोकळं केलं होतं. उन्हाळ्यापर्यंत ते किराणा दुकानांत दिसायलाही लागलं होतं. मलमही तसंच दिसलं असतं.

त्या वैशाखात मला एक लग्न होतं. सुनंदा म्हणून माझी विद्यार्थिनी, साताऱ्याच्या पूर्वेकडची, माण तालुक्यातली. घर पिढ्यान् पिढ्या मेंढरं राखणारं, आता थोडी डाळिंबं लावलेली. तिच्या भावाचं लग्न. मी आणि नवरा सकाळीच पोचलो. माळावर मंडप, ढोलांचा आवाज वाडीच्या अलीकडूनच ऐकू यायला लागला. धनगरी गजी नाचणारी म्हातारी माणसं हातातले रुमाल असे उडवत होती, की बघत राहावं.

आणि सगळं घर खाजवत होतं.

मला आधी कळेना. मग सुनंदाची आई, यमुनाबाई, मला मिठी मारायला आल्या आणि मध्येच थांबल्या. "नगं म्याडम, खरूज हाय आमास्नी. समद्या घराला." आणि हसायला लागल्या. हिवाळ्यापासून होती म्हणे. एकजण तालुक्याला जायचा, डॉक्टर त्याला तपासून एकाच्या नावानं चिठ्ठी द्यायचा, दुकानदार एकच ट्यूब द्यायचा. तो बरा व्हायचा, तोवर बाकीच्यांची परत त्याला लागायची. सगळ्यांनी एकदम जायचं तर मेंढरं कुणी बघायची? "ह्यांची गेली की माझी, माझी गेली की पोरांची. पाळी लावलीय आमी," यमुनाबाई म्हणाल्या, आणि भोवतीच्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या.

ते लग्न मी विसरणार नाही. नवरदेव पाटावर उभा, अंतरपाट धरलेला, मंगलाष्टकं रंगात आलेली. त्याची पाठ खाजायला लागली. दोन ओळी त्यानं दम धरला. मग हातातली कट्यार, टोकाला लिंबू खोचलेली, त्यानं हळूच खांद्यावरून मागं नेली आणि पाठ खाजवली. सगळ्या मंडपानं बघितलं. भटजींचा सूर गेला. अंतरपाटाच्या पलीकडं नवरीला काही दिसत नव्हतं, पण कुणीतरी तिच्या कानात सांगितलं, आणि ती, कोमल तिचं नाव, अशी खळखळून हसली की मुंडावळ्या हलल्या. अक्षता हसण्यातच पडल्या. इतकं हसरं लग्न मी दुसरं पाहिलं नाही.

जेवणं झाल्यावर यमुनाबाई माझ्याजवळ येऊन बसल्या, जरा अंतर ठेवून. म्हणाल्या, "म्याडम, तुमी सरकारला औषदं सांगता न्हवं? मग ह्ये मलम आमच्या वाडीच्या दुकानात मिळंल आसं काय करता यील का? समदी एकदम लावून मोकळी हुतील बगा."

खरूज घालवायला काय करावं लागतं, ते त्यांना माझ्याइतकंच कळलं होतं. आणि मी काय म्हणाले?

मी म्हणाले, "मी सांगते हो. पण वरचे लोक ऐकत नाहीत."

त्यांनी मान हलवली. "तुमी तरी काय करणार," म्हणाल्या. माझ्यासाठी वाईट वाटलं त्यांना. माझ्या ताटात आणखी एक पुरणपोळी वाढायला सांगितली.

समितीत बोलले ते एक. पण हे — हे त्याहून वाईट होतं. तिथं मी खोटं बोलले ते समोर नसलेल्या माणसांबद्दल. इथं समोर बसलेल्या बाईच्या डोळ्यांत बघून बोलले. आणि पुरणपोळी खाल्ली. चांगली झाली होती.

मग? मग मी काही थोर केलं असं समजू नका. डॉक्टरीणबाईंनी चिकाटीनं तो विषय पुन्हा आणला. त्या दिवशी अध्यक्षांनी नेहमीचं विचारलं, तेव्हा मी हात वर केला. म्हणाले, माझ्या भावाचं मेडिकल आहे, मी बाहेर बसते. ते प्रेमानं म्हणाले, "अरे वा, नवीन काढलं का त्यांनी?" आणि मी — हो म्हणाले. तेवढंही खरं मला सांगता आलं नाही. बाहेर बाकावर बसले. आतून काही ऐकू येत नव्हतं. मग डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळलं. मला इतका आनंद झाला, की मी त्यांचे दोन्ही हात धरले. तो आनंद खरा होता. त्यात खोटं काही नव्हतं. हे कसं, ते मला सांगता येत नाही.

काही महिन्यांनी मलम मोकळं झालं. विलासला मी भीतभीत विचारलं, तुझ्या दुकानाला फटका बसला का? तो म्हणाला, "कसला फटका? मानसं किराण्यात घेत्यात आन कसं लावायचं ते मला इचाराय येत्यात. जाताना साबण घिऊन जात्यात." आणि म्हणाला, "ब्येस झालं बग आक्का. लय पोरं खाजवत हुती." मी त्याला आधी विचारलं असतं तर त्यानं हेच सांगितलं असतं. मी विचारलंच नव्हतं.

माणातून सुनंदाचा फोन आला. मागं एवढा गलका, की तिला ओरडून बोलावं लागत होतं. वाडीच्या दुकानातून सगळ्या घराला मलम आणलं, सगळ्यांनी एकदम लावलं, माळावर गोधड्यांची रांग वाळत घातली होती. यमुनाबाईंनी फोन घेतला आणि म्हणाल्या, "म्याडम, तुमी ऐकवलंसा बगा त्यास्नी." मी म्हणाले, "सगळ्यांचंच काम आहे ते." असं नम्र बोललं, की ऐकणाऱ्याला ते बोलणाऱ्याचंच काम वाटतं. मला ते ठाऊक होतं.

तेव्हापासून आम्ही दर वर्षी त्या वाडीला जातो. मला तिथं फार आवडतं. यमुनाबाई आता बिनधास्त मिठी मारतात. गेल्या खेपेला कोमलनं मला तिच्या पहिल्या आषाढाची गोष्ट सांगितली, हसून हसून. लग्नानंतर महिन्या-सव्वा महिन्यात तिलाही खरूज लागली होती, आणि आषाढात ती माहेरी गेली ती खाजवतच. आईनं विचारलं, सासरनं काय दिलं गं? तर हिनं दोन्ही हात पुढं केले. सगळं घर हसलं. मीही हसले.

सासरनं नव्हतं दिलं ते. मी दिलं होतं.