बाळकाकांचं पान आणि भिंतीवरचा शिक्रा

नमस्कार. या ग्रुपवर मी बरेच महिने नुसती वाचक आहे, आणि खरं सांगायचं तर जरा टवाळखोर वाचक. रात्री जेवणं झाली की तुमचे अनुभव वाचायचे आणि नवऱ्याला वाचून दाखवून हसायचं, हा माझा उद्योग. मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. सावल्या, भास, हाका... माझ्याकडे प्रत्येकाला उत्तर तयार असायचं. आता स्वतःच लिहायला बसले आहे म्हटल्यावर हसायची पाळी तुमची. हसा, माझी हरकत नाही.

तर जागा सांगते. आम्ही ग्वाल्हेरला थाटीपुरात राहतो, सरकारी क्वार्टर्सच्या मागच्या गल्लीत. घर लहान, पण मागे बाग बरी आहे. एक मोठा कडुनिंब, एक शेवगा, माझ्या कुंड्या, आणि शेवटी छातीइतक्या उंचीची विटांची भिंत. भिंतीपलीकडे मोकळा प्लॉट, त्यात बाभळी माजलेल्या. कावळे भरपूर. वर दिवसभर घारी फिरत असतात. आणि कडुनिंबावर अधूनमधून शिक्रा येतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी — शिक्रा म्हणजे छोटा ससाणाच समजा, कबुतराएवढा. सरडे, खारी, चिमण्या पकडतो. शिकारी असला तरी कावळ्यांपुढे त्याचं काही चालत नाही. दोन कावळे मागे लागले की हा शूरवीर आधी पळतो. हे मी माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून शेकडो वेळा पाहिलं आहे.

घरात मी, माझा नवरा अभय आणि अभयची आत्या. माझं माहेर सांगलीचं, त्यामुळे लग्न होऊन इथे आल्यावर या लोकांची मराठी ऐकून मला सुरुवातीला फार गंमत वाटायची. निम्मं वाक्य हिंदीत आणि आव असा की हीच खरी मराठी. आत्या शाळेत पीटी टीचर होत्या. लग्न केलं नाही. आता पंचाहत्तरीला आल्या आहेत, पण अजूनही कुणी वाकून चाललं की पाठीत एक चापट बसते. आमच्या मुलीला त्यांनीच वाढवलं. मी नोकरी करू शकले ती त्यांच्या जिवावर, हे मी सगळ्यांना सांगते.

या आत्यांचा धाकटा भाऊ म्हणजे बाळकाका. काकू गेल्यावर ते नर्मदा परिक्रमेला म्हणून निघाले. सुरुवातीला कुठून कुठून फोन यायचे, मग कमी झाले, मग बंदच. अभय दोनदा जाऊन शोधून आला. घाटांवर, आश्रमांत, धर्मशाळांत फोटो दाखवत फिरला. काही पत्ता लागला नाही. हळूहळू आम्ही त्यांचं नाव काढायचं सोडून दिलं.

आत्यांनी वाट पाहणं सोडलं नाही. बोलायच्या नाहीत, पण घर सोडून एक रात्र बाहेर राहायच्या नाहीत. बाळ आला आणि दाराला कुलूप दिसलं तर तो परत फिरेल, स्वभावच तसा आहे, एवढंच म्हणायच्या. आणि आमचा जुना लँडलाइन. त्याच्यावर आता फक्त कर्ज घेता का विचारणारे फोन येतात, पण तो काढायचा नाही, कारण बाळला तेवढा एकच नंबर पाठ आहे. पुण्याला आमच्या मुलीला मुलगी झाली, तरी आत्या गेल्या नाहीत. व्हिडिओ कॉलवर तान्हीला बघायच्या आणि नंतर लँडलाइनपाशी जाऊन बसायच्या. मला ते बघवत नसे.

शेवटी अभयने माधवगंजच्या आमच्या गुरुजींना विचारलं. ते म्हणाले, बारा वर्षं माणसाची काही खबर नसली तर त्याचे विधी करता येतात, आणि आता तर बारा वर्षं होऊन गेली. सर्वपित्री अमावास्येला पितरांच्या पानाशेजारी त्यांचंही पान ठेवा, मग पुढचं रीतसर करून टाकू. अभयचा हेतू चांगला होता. त्याला वाटत होतं, एकदा हे झालं की आत्या मोकळ्या होतील, पुण्याला जातील, पणतीला मांडीवर घेतील. मलाही तसंच वाटत होतं.

आत्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मी मना कुठे करून राहिले? पण माझी एक शर्त आहे. कावळ्यांनी बाळचं पान घेतलं तर मी मानीन. मग फोन पण कटवून टाक आणि मला जिथे न्यायचं तिथे घेऊन चल."

अभयचा चेहरा पडला. मला मात्र मनातून हायसं वाटलं. कारण आमच्या बागेतले कावळे काय चीज आहेत ते मला ठाऊक होतं. पितरांच्या इच्छा वगैरे त्यांच्या गावी नाही, ते साबणाची वडीसुद्धा पळवतात. तरीही मी माझ्या परीने पक्कं काम केलं. पितृपंधरवडा लागल्यापासून रोज दुपारी त्याच भिंतीवर, त्याच जागी भात ठेवायला सुरुवात केली. आठवड्याभरात मी मागचं दार उघडलं की कावळे भिंतीवर हजर. आम्ही प्रयोगशाळेत हेच तर करतो.

अमावास्येला सकाळपासून स्वयंपाक. खीर, वडे, कढी, गवार, भोपळा, आमसुलाची चटणी. पळसाच्या पत्रावळी अभयने पाटणकर बाजारातून आणल्या होत्या. बाळकाकांचं पान आत्यांनी स्वतः वाढलं, मला हात लावू दिला नाही. भिंतीवर दोन्ही पानं ठेवून अभय मागे आला. आत्या व्हरांड्यात खुर्ची टाकून बसल्या, पाठ ताठ. आम्ही दोघं त्यांच्या मागे उभे.

कावळे लगेच आले. पितरांच्या पानावर तुटून पडले, वडा कुणी न्यायचा यावरून भांडणं झाली. मग त्यांतला एक मोठा, पंखाचं एक पीस तुटलेला, दुसऱ्या पानाकडे उड्या मारत निघाला. आत्यांनी खुर्चीचा हात घट्ट धरला. मला त्या क्षणी एकदम वाटलं, नको, नको घेऊस. मीच तर सगळी तयारी केली होती!

आणि कडुनिंबातून शिक्रा खाली आला. जमिनीलगत, सरळ, आवाज न करता, आणि बाळकाकांच्या पानाशेजारी भिंतीवर बसला.

कावळ्यांनी जो कालवा केला तो विचारू नका. आजूबाजूचे सगळे जमले. शेवग्यावर, तारेवर, भिंतीवर... ते त्याच्या अंगावरून झेपा घेत होते, एकाने तर मागून शेपूट ओढलं. मी अभयला म्हटलं, थांब, आता पळेल. तो पळाला नाही. अंग फुगवलं नाही, ओरडला नाही, कावळ्यांकडे बघितलंसुद्धा नाही. तिथे नुसता बसून राहिला. पानाकडे कुणी सरकलं की तेवढा एक पाऊल मध्ये यायचा.

घार असती तर मी समजले असते, घार उष्ट्यामाष्ट्यावर येते. शिक्रा खीर-वडे खात नाही. त्याच्या पायाखाली शिकार नव्हती. घरटी करायचे दिवस नव्हते. पिल्लू म्हणावं, बावचळलं असेल, तर डोळे लालभडक, म्हणजे चांगला वयात आलेला पक्षी. जखमी असेल म्हणून मी टॉवेल घेऊन भिंतीपाशी गेले. हात लांबवला असता तर हाताला लागला असता इतकी जवळ. त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी तशीच मागे आले. भीती नाही वाटली, का कोण जाणे, पण आपण नको तिथे मध्ये येतोय असं वाटलं.

कावळे दमले. एकेक करून उडून गेले. दुपार कलली, उन्हं भिंतीवरून उतरली तरी शिक्रा तिथेच आणि पान जसंच्या तसं. आमच्यापैकी कुणी जेवलं नव्हतं. मग आत्या उठल्या.

"अभय, पान उचल. बाळ आहे अजून."

अभय काही बोलायला गेला. त्या म्हणाल्या, "बस झालं बेटा. शर्त तुम्ही मानली होती ना?"

अभयने जाऊन पान उचललं. त्याचे दोन्ही हात पानाला लागले आणि शिक्रा उडाला. बाभळींवरून सरळ मुरार वस्तीच्या बाजूला गेला, पंखात काही खोट नाही. मी घड्याळ, हवा, वारा सगळं आठवून पाहिलं आहे. माझ्याकडे फोनवर काढलेले फोटोही आहेत. पक्षीनिरीक्षण करणाऱ्या एका मित्राला पाठवले तर तो म्हणाला, असं होत नाही. मी म्हटलं, मलाही माहीत आहे असं होत नाही.

फोन काही कटला नाही. अभय नाराज होता, पण शब्द दिला होता.

नवरात्रात एका दुपारी मी पेपर तपासत होते आणि लँडलाइन वाजला. कर्जवाल्यांचा असणार म्हणून मी उठले नाही. आत्यांनी घेतला. हॅलो म्हणाल्या आणि मग पलीकडचं ऐकत राहिल्या. मी मान वर करून पाहिलं तर त्या भिंतीला टेकल्या होत्या. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांची पाठ वाकलेली पाहिली. मग त्या नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "जेवलास का?"

बाळकाकाच होते. नर्मदेकाठच्या एका लहान गावात धर्मशाळेच्या स्वयंपाकघरात काम करत होते इतकी वर्षं, परिक्रमावासीयांसाठी पोळ्या लाटत. पावसाळ्याच्या शेवटी, पितृपंधरवड्याच्या सुमारास, तापाने अंथरुणाला खिळले. हॉस्पिटलात घरचा नंबर विचारला तेव्हा तोंडातून हाच नंबर बाहेर पडला, आणि बरं वाटल्यावर नर्सने फोन लावून हातात दिला. अभय त्याच रात्री निघाला आणि त्यांना घेऊन आला.

आता ते आमच्याकडेच असतात. पूर्वीच्या फोटोंच्या निम्मे राहिले आहेत, पण पोळ्या माझ्यापेक्षा मऊ करतात आणि ते रोज बोलून दाखवतात. आत्या पुण्याला महिनाभर राहून आल्या. पणतीला कवायत शिकवत होत्या म्हणे, जिला अजून धड उभं राहता येत नाही. सकाळी बागेत दोघा भावंडांचा चहा होतो, साखर किती यावरून वाद होतो, आणि मी खिडकीतून बघत बसते. खूप बरं वाटतं. हे सरळ लिहून टाकते, कारण असे अनुभव वाचून लोकांना भीती वाटते, आणि आमच्या घरात तर त्या दिवसापासून आनंदच आहे.

शिक्रे अजून येतात. कावळे मागे लागले की पूर्वीसारखेच पळतात. मी दुर्बीण घेऊन पाहते. भिंतीवर मात्र त्यानंतर एकही बसला नाही.

हॉस्पिटलात काय झालं होतं ते मी काकांना खोदून खोदून विचारलं. अमावास्येला कसे होतात, काही दिसलं का, काही वाटलं का. माझ्यातली टवाळ बाई कुठे गेली होती देव जाणे. त्यांना काहीही आठवत नाही. ताप होता, एवढंच. पक्ष्याबद्दल ऐकून ते नुसते हं म्हणाले. खरं तर मला जरा निराशाच झाली.

एका गोष्टीबद्दल मात्र ते स्वतःहून बोलले, आल्यावर बऱ्याच दिवसांनी, चहा घेताना. मी जवळच कुंड्यांना पाणी घालत होते. म्हणाले, पहिल्या वर्षी फोन करायचा राहिला, दुसऱ्या वर्षी लाज वाटली, मग जितकी वर्षं गेली तितकी लाज वाढत गेली. मग कपाकडे बघत आत्यांना म्हणाले, "मला वाटलं, तुम्ही लोक माझं सगळं करून केव्हाच मोकळे झाला असाल."

आत्यांनी त्यांच्या कपात आणखी थोडा चहा ओतला.

"करायला गेलो होतो रे," त्या म्हणाल्या. "करू नाही दिलं."

कुणी, ते त्यांनी सांगितलं नाही. काका रडत होते, आणि आत्या त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. मी पाण्याची झारी हातात घेऊन भिंतीकडे बघत राहिले.