लक्ष्मीचे पाय

"जरा हळू घासा, मामाजी. हात हायेत का विटेचा तुकडा?"

जवाई पाटावर बसून हसून राहिला होता. त्याचे पाय परातीत. मी खाली, उकिडवा. इतवारीच्या बाजारात जन्मभर धान्याचे पोते वाहिले, हात खरबडीतच राहणार. त्याचा मोठा भाऊ म्हणे, "नखाईतलं बी काढा. नारायण हाये आमचा." महाल भागात कापडाचं दुकान आहे त्यायचं. सारे पाहुणे हसले. माहा सख्खा भाऊबी हसला.

धोंड्याचा महिना तीन वर्षांतून एकदा येते. पोरगी-जवायाले लक्ष्मी-नारायण समजून पाय धुवायचे, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे. हे सारं माही बायको करे. संक्रांतीच्या आधी ती गेली. जाताना एकच बोलली, "यंदा पोरीचे पाय तुम्हीच धुवा."

म्हणून बसलो होतो खाली.

त्याचे झाले. पोरीकडे वळलो. तिच्या पायात मोजे. नागपूरचा उन्हाळा, कूलर गरम हवा फेकते, अन् घरात मोजे.

"माहे राहू द्या, बाबा."

"राहू द्या म्हणते ना ती," जवाई म्हणाला. आता हसत नव्हता.

मी मोजा ओढला. घोट्याच्या वर भाजल्याचे लांबट चट्टे. उलथण्याच्या पात्याएवढे. काही जुने, पांढरे पडलेले. एक ओला. मोजा त्याले चिकटला होता, कातडी घेऊन निघाला. पोरगी ओरडली नाही. तिले सवय होती.

माहा भाऊ भिंतीकडे पाहून राहिला.

"कुकर उडाला," जवाई म्हणे.

"दरवर्षी उडते काय बे?"

जवायाले 'बे' म्हटलं, तसे सारे दचकले. पोरीचा पाय पाहून कोणी दचकलं नव्हतं.

पोरीले विचारलं, "आईले माहीत होतं?"

"हो. मागच्या धोंड्याले पाय धुताना पाहिलं तिनं. म्हणे, बाबाले सांगू नको."

तवा समजलं, बायको काय सांगून गेली. जिवंतपणी बोलता आलं नाही तिले. मरताना मले धाडलं पाहायले.

मी परात उचलली. ते पाणी अंगणात फेकलं. "नीघ."

त्यानं सावकाश चप्पल घातली. दारात माह्या कानाजवळ आला. "ठेवा पोरगी. पण तुम्ही किती दिवस जगसान, मामाजी? मंग माह्याकडेच येईन ना ती."

तवापासून त्याची गाडी गल्लीच्या तोंडाशी येऊन उभी राहते. इंजिन चालू. शिवी नाही, आवाज नाही. आत बसून तो नुसता पाहते. पोरगी भाजी चिरता चिरता थांबते. गाडी गेली तरी हात चालत नाही तिचा.

भाऊ म्हणे, "समजुतीनं घे गा. पोरीच्या जातीले सहन करा लागते." त्याले म्हटलं, तूबी येऊ नको.

पोरीनं ठाण्यात रिपोर्ट दिली. कोर्टात बोलावतीन तवा मी चट्टे सांगीन. सगळे. घर तिच्या नावानं केलं.

तुमच्याबी घरी पोरगी येईन. जवायाचे पाय सोडा. तिचे पाहा.

मी दार लावत नाही. त्याच पाटावर, उघड्या दारात, गाडीकडे तोंड करून बसतो. किती दिवस जगीन, मले माहीत नाही. पोरीले सांगून ठेवलं आहे. मी मेल्यावर पाट उचलायचा नाही. तिनं बसायचं.