आईनं दिलेला चुना

ओल्या चुन्याचा वास आला की मला सातवीतली ती संध्याकाळ आठवते. आई जाऊन वर्ष होत आलं होतं. त्या दिवशी विज्ञानाच्या बाईंनी शिकवलं, की भिंतीला दिलेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन दगडासारखा होतो; अणू तेच राहतात, फक्त त्यांच्या जोड्या बदलतात. "आपण श्वास सोडतो त्यातला बी घेतो का, बाई?" मी विचारलं. "व्हय, तोही घेतो." घरी आलो तर जयंतीचा सण जवळ आला म्हणून वडील खुरप्यानं भिंतीवरचा, गेल्या वर्षी आईनं दिलेला चुना खरवडत होते. "आण्णा, खरवडू नका. आईचा श्वास हाय त्यात." बाईंचं सगळं सांगितलं, तसं त्यांनी खुरपं खाली ठेवलं. "मग वरनंच देऊ," एवढंच म्हणाले. आता त्या घरात कुणीच राहत नाही. तरी दरवर्षी जयंतीआधी मी जातो आणि वरूनच चुना देतो.