कुठे अडखळायचं

एखाद्या मुलानं 'मला डॉक्टर व्हायचंय' म्हटलं, की शरयूमावशी फक्त 'का?' विचारायच्या आणि गप्प बसायच्या. आईबाप मुलाच्या वतीनं बोलायला लागले, तर त्यांच्यासमोर तळहात उभा धरायच्या. त्या शांततेत भलेभले पालक घामाघूम झालेले मी पाहिले आहेत.

मावशी मूळच्या नागपूरच्या. शिकागोजवळच्या एका रुग्णालयात भूलतज्ज्ञ म्हणून त्यांची सारी नोकरी झाली. निवृत्त झाल्यावर त्या शिकागोच्या शॉमबर्ग उपनगरात आमच्या शेजारी राहायला आल्या. "आयुष्यभर माणसं झोपवली, आता आईबापांना जागं करते," म्हणायच्या. इथे अमेरिकेत आधी चार वर्षं पदवी घ्यायची, मगच मेडिकल स्कूल. ती पदवी लहान कॉलेजात घ्यावी की मोठ्या युनिव्हर्सिटीत, हे विचारायला लोक त्यांच्याकडे यायचे. त्यांचं ठरीव उत्तर नसे. पलीकडच्या गल्लीतल्या बडबड्या ओंकारला त्यांनी बेधडक मोठ्या ठिकाणी पाठवलं होतं. "माप अंगाचं घ्यावं बाप्पा, दुकानाचं नाही."

आमच्या मुलीला, रुचाला, डॉक्टरच व्हायचं होतं, पण ती लहानपणापासून बोलताना अडखळते. माझा नवरा निखिल मोठ्या युनिव्हर्सिटीवर ठाम होता. नाव मोठं, रिसर्च भरपूर, हॉस्पिटल कॅम्पसवरच. मावशी म्हणाल्या, "ब्रोशर कशाला वाचता? वर्गात बसून या," आणि स्वतःच आमच्या गाडीत येऊन बसल्या.

मोठ्या युनिव्हर्सिटीत रुचा नाटकगृहाएवढ्या हॉलमध्ये शेवटच्या रांगेत बसली आणि खुशीत बाहेर आली. "आई, नोबडी इव्हन लुक्ड ॲट मी!"

दुसरं कॉलेज आयोवातल्या मक्याच्या शेतांमधलं. वर्गात जेमतेम पंधरा मुलं. प्राध्यापकबाईंनी पाहुण्या रुचालाही प्रश्न विचारला. तिला उत्तर येत होतं, पण पहिलं अक्षरच फुटेना. बाई थांबल्या. सगळा वर्ग थांबला. उत्तर पुरं झालं, पण गाडीत बसल्याबरोबर ती हमसून रडली.

"झालं! डिसाइड झालं ना आता?" निखिल म्हणाला. "मावशी, तिला टॉर्चर कशाला?"

मावशींनी रुचाकडे पाहिलं. "पोरी, डॉक्टर झालीस तर पेशंटशी बोलावंच लागेल. तू अडखळणारच. कुठे अडखळायचं, एवढंच आज ठरवायचंय. आणि ते तू ठरव. तुझ्या बाबानं नाही, मीही नाही."

आठवड्यानं एका सकाळी रुचा जेवणाच्या टेबलाशी येऊन म्हणाली, "आयोवा." निखिल कितीतरी दिवस मावशींशी नीट बोलला नाही. मावशींनी मनावर घेतलं नाही. "बाप आहे तो, घाबरणारच," एवढंच मला म्हणाल्या.

पहिलं वर्ष अवघड गेलं. रुचा फोन आम्हाला नाही, मावशींना करायची. काय बोलायच्या कोण जाणे, विचारलं तर मावशी म्हणायच्या, "मी कुठे बोलते? ती बोलते, मी ऐकते."

ती शेवटच्या वर्षाला असताना मावशींना स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला. मूलबाळ नव्हतं, म्हणून आम्हीच आळीपाळीनं दवाखान्यात थांबत होतो. सुट्टीत रुचाही आली. एका दुपारी मावशींना वेदना सोसवत नव्हत्या. एक तरुण डॉक्टर आला, दारातूनच "हाऊ आर वी डूइंग?" म्हणाला आणि उत्तराची वाट न पाहता वळला. मी उठणार, तेवढ्यात रुचा त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"शी इज इन प... प..." शब्द अडला. त्यानं घड्याळाकडे पाहिलं, पण ती हलली नाही. तो शब्द पुरा करूनच थांबली. मग वेदना कधीपासून आहे, कुठे आहे, औषधाचा असर किती वेळ टिकतो, सगळं सावकाश, अडखळत सांगितलं. डॉक्टर आत आला, खुर्ची ओढून मावशींजवळ बसला आणि त्यानं औषध बदललं.

संध्याकाळी मावशींना जरा आराम पडला. त्यांनी मला जवळ बोलावलं. आवाज अगदी बारीक झाला होता.

"मीनल, ऐकलंस ना? आता हिला कितीही मोठ्या ठिकाणी जाऊ दे."

त्या आठवड्यातच मावशी गेल्या. खांदा द्यायला निखिल सगळ्यांत पुढे होता.