सरकी भरलेली चाकं

माझ्या वडिलांनी, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, भावाभावांच्या वाटणीत शेत घेतलं नाही, मोटार घेतली. मोटार तरी नवी असावी? कोण्या साहेबानं ती मनसोक्त पिदडलेली, मग नंदुरबारच्या एका वकिलानं उरलासुरला जीव काढलेला, आणि तिचा मैल मोजणारा काटा आमच्याकडे येण्याच्या कितीतरी आधी दमून एका जागी बसलेला. आपल्या वाट्याचं शेत थोरल्या भावाला देऊन त्या पैशात आबांनी हे रत्न दारात आणून उभं केलं. थोरले भाऊ, आमचे मोठेबाबा, सगळ्या गल्लीसमोर म्हणाले, "हाई लोखंडनं भूत बंद पडनं म्हंजे मन्हाच वावरमा निंदाले येशी."

निंदणी, म्हणजे तण काढायचं काम, आमच्याकडे बायका करतात. ते वाक्य आबांच्या जिव्हारी लागलं. तेव्हापासून आमच्या घरात सगळं एकाच गोष्टीवर येऊन थांबायचं. मोटार चालली तर आबा मालक, नाही चालली तर भावाच्या वावरातले गडी.

आमचं गाव नंदुरबारहून तापीकडे जाणाऱ्या वाटेवर. आबा नंदुरबार स्टेशनवर उतरलेली माणसं नदीपलीकडे तळोद्याला नेत आणि तळोद्याची स्टेशनवर आणत. आमच्या वाटेवर तेव्हा तापीला पूल नव्हता. पावसाळाभर मोटार अंगणात आणि नदीचं पाणी उतरलं की थेट पात्रातून, असा तिचा रिवाज. बाकीच्या मोटारी भाडं आणतात. आमची भाडं आणायची आणि घर खायची. रेडिएटर गळायला लागला की आबा त्यात मूठभर हळद टाकत, मग माय हळदीचा डबा धान्याच्या कोठीमागे लपवून ठेवायची. नळ्यांना गुंडाळायला तिच्या जुन्या लुगड्यांच्या चिंध्या जायच्या. स्प्रिंगच्या पाट्यांना बाभळीच्या फाचरी, इंजिनात चांभाराकडून कापून आणलेल्या चामड्याच्या चकत्या. त्या मोटारीत विलायती म्हणावं असं शेवटी फारसं काही उरलंच नव्हतं. मला तिचा मनापासून राग होता. आमच्या अंगावर नवा कपडा चढायचा नाही, आणि पोळ्याला सगळं गाव बैलांना घास देत असताना आबा पुरणपोळी घेऊन मोटारीपुढे उभे! लोक हसायचे. मी दाराआड तोंड लपवायची.

दुसरी मोठी लढाई सुरू झाली आणि टायर-ट्यूब बाजारातून नाहीशा झाल्या. ट्यूबेला ठिगळ, त्या ठिगळाला ठिगळ, असं करत आबांचे नाकी नऊ आले. त्याच दिवसांत पिठाची गिरणी काढू पाहणारा एक शेठ आमच्या अंगणात आला. त्यानं इंजिनाला कान लावला, हात फिरवला आणि म्हणाला, "गाडी मरेल शे, पन इंजिन जितं शे. माले द्या."

आबांनी त्याला चहासुद्धा विचारला नाही.

तो गेल्यावर मी चिडून म्हटलं, "आबा, इकी टाका ना ती."

"इकीसन काय करसू? मोठाभाऊना वावरमा जासू?" आबा म्हणाले. मी पाय आपटत आत गेले.

मग आबांना युक्ती सुचली. इतर मोटारवाले टायरांत गवत, चिंध्या, काय मिळेल ते कोंबून गाड्या चालवत होते. आमच्या भागात कापसाला तोटा नाही आणि रुई काढणाऱ्या जिनांमधून सरकीचे ढीग पडलेले. आबांनी ट्यूबा काढून फेकल्या आणि चारी टायरांत सरकी ठासून भरली. आम्ही सगळ्यांनी मिळून भरली. माय पाटीनं ओतायची, मी मुसळाच्या टोकानं दाबायची, आबा लोखंडी पट्टीनं कड बसवायचे. चाकं दगडासारखी घट्ट झाली. आबा मोटारीभोवती फिरत राहिले, प्रत्येक चाकाला लाथ मारून बघत राहिले. इतके खुशीत मी त्यांना त्याआधी पाहिलं नव्हतं आणि त्यानंतरही नाही. खरं सांगते, त्या दिवशी मलाही ती मोटार आपली वाटली.

कोरड्या वाटेवर सरकी मस्त चालली. नदीत तेव्हा पाणी जरा जास्त होतं, म्हणून आबा अलीकडच्या काठापर्यंतच फेऱ्या करत होते. पाणी उतरल्यावर तळोद्याच्या बाजारच्या दिवशी त्यांनी मोटार पात्रात घातली. तिकडून माणसं भरली, पुन्हा नदीतून येऊन त्यांना स्टेशनवर सोडलं आणि तळोद्याकडच्या उतारूंसाठी गाडीची वाट पाहत बसले. आगगाडी नेहमीप्रमाणे उशिरा आली. तोवर टायरांच्या भेगांतून शिरलेलं पाणी सरकी निवांत पीत होती.

परतताना आमच्या गावाच्या अलीकडे पुढच्या चाकाचं टायर फाटलं. सरकी रस्त्यावर सांडली, फुगून दुप्पट झालेली. मोटार तिरपी होऊन दगडावर आदळली, चाकाचे लाकडी आरे मोडले आणि गिअरच्या पेटीला तडा गेला. माणसांना खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. ती शिव्या देत पायी निघाली.

मोटार घरी आणायला बैल लागले. त्या वेळी जवळच्या वावरात बैलजोडी होती ती मोठ्याबाबांचीच. त्यांनी स्वतः जू बांधलं आणि गावातून मोटार ओढत आणली. पुढे बैल, मागे स्टिअरिंग धरून बसलेले आबा. अंगणात आल्यावर मोठेबाबा कासरा सोडत म्हणाले, "शेवट मन्हा बैलच कामले उनात."

माय तेव्हा म्हशीची आंबोणाची पाटी घेऊन उभी होती. आदल्या संध्याकाळी भिजत घातलेली सरकी त्यात फुगून वर आलेली. ती पाटीकडे बघत राहिली आणि हळूच म्हणाली, "रोज भिजाडस मी हाई. रोज दखस." आम्ही सगळेच रोज बघत होतो. म्हशीच्या पाटीतली सरकी आणि चाकातली सरकी एकच, हे घरातल्या एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

लढाई संपेल, टायर येतील, गिअरची पेटी मिळेल, म्हणत आबांनी मोटार तशीच ठेवली. ते रोज सकाळी हँडल मारून इंजिन सुरू करायचे, थोडा वेळ ऐकायचे आणि बंद करायचे. मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालू लागल्या. घरातली ज्वारी संपली तेव्हा आबा स्वतः शेठकडे जाऊन त्याला बोलावून घेऊन आले. इंजिन काढताना त्यांनी कोणाला हात लावू दिला नाही. दुसऱ्या दिवशी विळा घेऊन ते मोठ्याबाबांच्या वावरात गेले. बायकांच्या ओळीत बसून निंदलं.

शेठनं गिरणी आमच्याच गावात काढली. तेच इंजिन रॉकेलवर चालायचं आणि आमच्याकडे असताना कधी चाललं नव्हतं इतकं सुरेख. कधी अडलं नाही, कधी कुरकुरलं नाही. वावरातून येता-जाता आबांना तो आवाज ऐकावाच लागायचा. त्यांनी मायला एवढंच सांगितलं, "त्या गिरणीनं पीठ घरमा नको." म्हणून सगळं गाव गिरणीवर जात असताना माय आणि मी जात्यावर दळत राहिलो. माझ्या हाताला घट्टे पडले. आबांचा राग यायचा, पण त्यांच्यासमोर तो तोंडावर आणता यायचा नाही.

आबा फार जगले नाहीत. त्यांच्या तेराव्याला सगळा गोतावळा जमायचा होता, वरण-बट्टीचा बेत ठरला. एवढं पीठ जात्यावर कोण दळणार? मोठ्याबाबांनी कोणाला न विचारता गव्हाची पोती गिरणीत पाठवून दिली. मी ओट्यावर बसून दुपारभर तो आवाज ऐकला. माय जागची उठली नाही.

पंगतीत सगळे म्हणाले, पीठ छान जाडसर निघालंय, बट्ट्या खुसखुशीत झाल्यात. मीही दोन खाल्ल्या.