शहीद जनू पहिल्या रांगेत

खरवईच्या कौसाबाईला दोन नवरे, आणि गावात कुणाला त्याचं नवल नाही. पहिला धोंडिबा. तो एकाहत्तरच्या लढाईत पडला, तेव्हा तिच्या अंगाची हळदही नीट उतरली नव्हती. दुसरा जनू, धोंडिबाचा धाकटा भाऊ. वर्ष सरल्यावर घरच्यांनी दिराशीच तिचा पाट लावून दिला. तिला कुणी विचारलं नाही, जनूलाही नाही. पुढे दोघांचं चांगलं जमलं, ही त्यांची स्वतःची कमाई.

दर सव्वीस जानेवारीला मात्र कौसाबाई धोंडिबाची बायको होते. गावच्या शाळेत शाल-नारळ घेते, आणि जनू त्या दिवशी शेतावर काही ना काही काम काढतो.

यंदा गावाच्या कडेला उभ्या राहिलेल्या नव्या सोसायटीनं तिला झेंडावंदनाला बोलावलं. सगळं अनुयाकडे होतं. अनुया तिथली सेक्रेटरी, हौशी आणि कामसू पोरगी. नावात चूक नको म्हणून तिनं कौसाबाईचं आधार कार्ड मागून घेतलं, आणि पतीच्या जागी जे नाव दिसलं ते बॅनरवर मोठ्या अक्षरांत छापलं: 'शहीद जनू भोईर यांच्या वीरपत्नी कौसाबाई.' नेमका यंदाच जनू बायकोसोबत आला होता, कारण गुडघ्यानं शेत सोडायला लावलं होतं. आपण शहीद झाल्याचं त्यानं चष्मा पुसून पुन्हा वाचलं आणि पहिल्या रांगेत बसून घेतलं.

अनुयाला उलगडा झाला तेव्हा तिचा चेहरा उतरला. तिनं कौसाबाईला बाजूला घेतलं. "आजी, माझंच चुकलं. बॅनर आता बदलता येणार नाही, पण माइकवर मी धोंडिबांचंच नाव घेते. फक्त आजोबांना जरा मागे बसवू का? आणि तुमचं ते कुंकू... लोकांना कळणार नाही, उगाच प्रश्न विचारतील."

पोरगी वाईट नव्हती. पण वीरपत्नी म्हटलं की कपाळ कोरंच हवं, हे शिकल्यासवरल्या डोक्यांतही पक्कं बसलेलं असतं, आणि त्याचा राग येतोच. कौसाबाईलाही आला. शाळेत ती इतकी वर्षं गप्प राहिली, कारण तिथे सगळ्यांना सगळं ठाऊक होतं. इथे गप्प राहिली तर जनू पुसला जाणार होता. बोलली आणि लोकांनी नाकं मुरडली, तर धोंडिबाचा मान जाणार होता.

तिनं माइक हातात घेतला.

"बॅनरवर नाव हाय ना, तो माझा नवरा. हा बघा, समोर बसलाय." लोक हसले. ती हसली नाही. "लढाईत गेला तो धोंडिबा. तो बी माझा नवराच. फोटो बघितल्याबिगर त्याचं तोंड आता आठवत नाय, त्याचं लय वाईट वाटतं. देशासाठी गेला तो, त्याचं नाव घ्या. पन कुंकू ह्याचं हाय. ते मी कुनासाठी पुसनार नाय."

मग अनुयानं धोंडिबाचं नाव घेतलं, नीट, पूर्ण, आणि सगळे उभे राहिले. सर्वांत आधी गुडघा धरून जनू उठला.

निघायच्या वेळी बॅनर उतरवत होते. अनुया पुन्हा माफी मागू लागली.

"टाकू नको तो," जनू म्हणाला. "मी नेतो घरी."

"काय करनार त्याचं?" कौसाबाईनं विचारलं. "जितेपनी शहीद झालात, ते भिंतीवर लावनार?"

जनू बॅनरची गुंडाळी करत राहिला.

"एवढ्या वर्षांत तुझ्या नावाशेजारी माझं नाव कुनी एवढं मोठं छापलं नव्हतं," तो म्हणाला.